टाकीत कोणी उतरायचं नाही

राजू मुकादमाचा फोन आला तेव्हा वैजयंती अकरावीच्या वर्गाला बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासायची ते दाखवत होती. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले होते.

“मॅडम, तुमची पोट्टी काम ऐकून नाही राह्यली,” राजू म्हणाला. “येऊन घेऊन जा तिले. इथं ट्रक उभा हाये आमचा.”

“कोनती पोट्टी? झालं काय?”

“वर्षाराणी. शिडीवर बसली हाये.”

“शिडीवर चढून बसली?”

“चढून नाही हो! शिडी खाली पाडली न् तिच्यावर बसली. उठूनच नाही राह्यली. तुमी या न् पाहा.” फोन बंद झाला.

वैजयंतीनं वर्ग शेजारच्या सरांकडे सोपवला, स्कूटी काढली आणि जऊळक्याच्या स्टेशनाकडे निघाली.

ती शाळेत व्यवसाय विषयाची प्रशिक्षक होती, शेतमाल प्रक्रियेची. नोकरी कंत्राटी. दर जूनमध्ये नेमणूक पुन्हा होते की नाही याची धाकधूक ठरलेली. बारावीच्या मुलांना दिवाळीनंतर पंधरा दिवस खऱ्या कामाच्या ठिकाणी पाठवायचं, हा त्या विषयाचाच भाग होता. गावात सगळे त्याला ‘इंटरनशिप’ म्हणत. यंदा वर्षाराणी, पवन आणि आणखी दोन मुली अशी चौघं स्टेशन रोडवरच्या माणिकचंद शेठजींच्या सोयाबीन केंद्रात गेली होती. आलेला माल चाळायचा, प्रतवारी करायची, कट्टे म्हणजे पोती भरायची, असं तिथलं काम. शेठजींनी हो म्हणायला दोन वर्षं लावली होती. शाळेतली पोरं म्हणजे डोक्याला ताप, असं त्यांचं मत होतं.

पाठवण्याआधी वैजयंती स्वतः तीनदा तिथं जाऊन आली. मशीनचे उघडे पट्टे पाहिले आणि त्यांना जाळी बसेपर्यंत मुलं येणार नाहीत म्हणून सांगितलं. मुलांना कोणती कामं द्यायची नाहीत याचा एक कागद तयार करून त्यावर शेठजींची सही घेतली. मुख्याध्यापक हरीओम सर हसले होते, “मॅडम, पोरं कामाले पाठवून राह्यल्या का लढाईले?”

वैजयंती हसली नव्हती. रिठदला तिच्या घरी वडिलांच्या, रामरावांच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची मळणीयंत्रात गेली. रिठदमध्ये असे हात पुष्कळ होते. कोणी त्याला अपघात म्हणत नसे. ‘हात गेला’ म्हणत, आणि पुढच्या हंगामात तेच यंत्र तसंच चालू होई.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं चौघांना समोर बसवून सांगितलं होतं, “जे काम जिवाले धोक्याचं वाटन, त्याले नाही म्हणायचं. भांडायचं नाही. शांतपणे नाही म्हणायचं न् मले फोन करायचा. मार्क जाणार नाहीत. कोनी रागावलं तर ते मी पाहीन.”

“अन् शेठजीनंच सांगतलं तर?” पवननं विचारलं होतं.

“तरी बी.”

बोलायला ते सोपं होतं. आता स्कूटी चालवताना तिला जाणवत होतं, की त्या दोन शब्दांचा भरोसा धरून सतरा वर्षांची एक मुलगी तिकडे मोठ्या माणसांसमोर एकटी बसली आहे.

केंद्रात पोचली तर सगळं काम थांबलेलं. मशीन बंद, फाटकाशी ट्रक उभा, ड्रायव्हर चहा पीत बसलेला. शेडच्या मध्यभागी माल साठवायची मोठी लोखंडी टाकी होती, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर उरेल एवढी उंच, वरून उघडी आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती. टाकीच्या पायाशी आडव्या पडलेल्या शिडीवर वर्षाराणी बसली होती. गुडघ्यांवर हात घट्ट बांधलेले. चेहरा रडवेला, पण ती रडत नव्हती. पवन तिच्या मागे उभा होता.

“मॅडम आल्या!” तो म्हणाला. वर्षाराणी उठली नाही. वैजयंतीकडे पाहून फक्त एक मोठा श्वास सोडला.

“काय झालं? तू सांग पहिले.”

“माल अडकला मॅडम. ओला होता न्, त्याचा वर थर धरला. खालचं गेट उघडलं तर काहीच येऊन नाही राह्यलं. खेमाकाका नाही आले आज, पायावर सूज हाये त्यायच्या. मंग राजूभाऊ म्हणे, तू हलकी हायेस, आत उतर न् पायानं दाबून दे.”

“पाच मिनिटाचं काम!” राजू मधेच म्हणाला.

“मी नाही म्हटलं. तर मंग पवन म्हणे मी जातो. शिडीवर चढला बी. मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला न् शिडीच पाडली.” ती थांबली. “मोबाईल ऑफिसात जमा केले होते आमचे. म्हणून म्हटलं, मॅडमले बोलवा, तोवर मी उठत नाही.”

पवननं फाटलेला खिसा हातानं दाबून धरला होता.

तेवढ्यात माणिकचंद शेठजी ऑफिसातून बाहेर आले. पांढरा शर्ट, कपाळावर केशराचा टिळा, सत्तरीचा ताठ माणूस. मागे त्यांची सून त्रिशला होती. केंद्राचं सगळं लिखापढीचं काम तीच पाहत असे.

“बाई,” शेठजी म्हणाले, “दोन घंटे झाले माझं काम बंद हाये. तीस साल झाले हे केंद्र चालू हाये. टाकीत माणूस उतरते, माल मोकळा करते, वर येते. आजतक कोनाले खरचटलं नाही.”

“शेठजी, कागदावर लिहिलं होतं. पोरायले टाकीत उतरवायचं नाही. तुमची सही हाये.”

शेठजींनी त्रिशलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. “हाये बाबूजी. फाइलला लावलाय.”

शेठजी राजूला म्हणाले, “सही हाये म्हणल्यावर चुकलं आपलं. पोरांले नको सांगू. खेमाले बोलाव घरून. पाय सुजला तर सुजला, पाच मिनिटं येऊन जाईन.” आणि वैजयंतीकडे वळून, “झालं समाधान? घेऊन जा तुमची लेकरं. उद्यापासून पाठवू नका. मले असा तमाशा परवडत नाही.”

राजू फोन करायला गेला. त्याच वेळी वैजयंतीचा फोन वाजला. हरीओम सर होते. राजूनं त्यांनाही कळवलं होतं.

“मॅडम, माफी मागून विषय मिटवा. एक केंद्र बंद झालं की बाकीचे बी नाही म्हणतीन. पुढल्या साली कुठं पाठवणार आपण पोरं? अन् जूनमध्ये तुमच्या नेमणुकीचा कागद माह्याच टेबलावरून जाते, इतकं तरी ध्यानात ठेवा.”

“करते सर,” म्हणून तिनं फोन ठेवला. काय करते, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मुलं सुखरूप होती. कागद पाळला गेला होता. चौघांना घेऊन निघून गेलं असतं तर कोणीही तिला बोल लावला नसता. “चला,” ती म्हणाली, “बॅगा घ्या.”

वर्षाराणी शिडीवरून उठली नाही.

“मॅडम, आमी गेलो तर खेमाकाका उतरतीन ना?”

वैजयंती थांबली.

“त्यायचा पाय तर अजून दुखून राह्यला,” वर्षाराणी म्हणाली. “मी नाही म्हटलं म्हणून त्यायले बोलावून राह्यले.”

ती मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ही मामाकडे राहून शिकणारी. दुसऱ्याच्या वाट्याला जाणारं काम कसं असतं हे तिला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. वैजयंतीला मात्र लाज वाटली. तीन वेळा ती इथं येऊन गेली होती. टाकीत मुलांनी उतरायचं नाही, हे तिनं स्वतः लिहिलं होतं. मग कोण उतरतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ती परत फिरली.

“शेठजी, माफी मागते. तुमचे दोन घंटे गेले. आता आणखी अर्धा घंटा द्या.”

“कायले?”

“तुमी म्हणता काही होत नाही, मी म्हणते होते. पाहून घेऊ. माणूस नको. सोयाबीनचा एक भरलेला कट्टा द्या न् लांब दोर द्या. कट्टा टाकीत सोडू. काही नाही झालं तर मी शाळेत लिहून देईन की चूक माह्या पोरीची होती.”

वर्षाराणीनं चमकून वर पाहिलं. राजू हसला. शेठजी नाही म्हणणार एवढ्यात त्रिशला म्हणाली, “बाबूजी, पाहायला काय जाते? कट्टा आपलाच हाये, टाकी आपलीच हाये. माल तर असाही अडकलेलाच हाये.”

आता वर्षाराणी उठली. पवननं आणि तिनं मिळून शिडी उभी करून दिली, आणि वैजयंतीनं चौघांनाही पाच पावलं मागे, भिंतीशी उभं केलं. तोवर खेमा आला. पन्नाशीचा बारीक माणूस, लंगडत. त्याच्यासोबत त्याची बायको रुपाबाई होती. ती इथंच निवडणीच्या कामाला असे, आज नवऱ्यासाठी घरी राहिली होती.

टाकीच्या तोंडाशी उभं राहायला एक लोखंडी फळी होती. राजू आणि वैजयंती वर चढले. कट्ट्याला दोर पक्का बांधला. दोराचं दुसरं टोक वरच्या आडव्या पाइपावरून खाली सोडलं. राजूनं कट्टा अलगद आत उतरवला. टाकीत सोयाबीन सपाट, घट्ट दिसत होतं, सारवलेल्या अंगणासारखं. कट्टा त्यावर बसला. जागचा हलला नाही.

“गेट उघडा खालचं,” वैजयंती म्हणाली.

गेट उघडलं. दहा-बारा दाणे पडले आणि थांबले. वर कट्टा तसाच.

“पाहा!” राजू ओरडला. “काय झालं? चाळीस किलोचा कट्टा हाये. या पोट्टीचं वजन बी तेवढंच असन.” खाली दोघं-तिघं हसले. ड्रायव्हरही चहाचा कप घेऊन शेडमध्ये आला होता.

“कट्टा उगाच बसून हाये,” वैजयंती म्हणाली. “खेमाकाका, तुमी आत उतरून काय करता?”

“पाय आपटतो बाई.”

“मंग कट्ट्याले पाय नाहीत. आपण आपटू.” तिनं लांब बांबू घेतला, फळीवरून वाकून कट्ट्याच्या बाजूला दाणकन आपटला. काही नाही. दुसऱ्यांदा आपटला. काही नाही. राजूनं खाली पाहून डोळे मिचकावले.

तिसऱ्यांदा आपटला आणि तो थर एकदम खचला.

धप्प असा खोल आवाज आला. कट्टा नव्हता. जिथं तो होता तिथं भोवरा फिरत होता, चारी बाजूंनी सोयाबीन त्यात कोसळत होतं, आणि दोर सरसर करत पाइपावरून आत ओढला जात होता. राजू मागे सरकला. त्याचा हात फळीच्या कठड्यावर गच्च बसला होता.

“गेट बंद!” वैजयंती ओरडली. खालच्या माणसानं गेट लावलं. भोवरा थांबला. वर पुन्हा सपाट सोयाबीन, जणू आत काही नव्हतंच.

“आता काढा त्याले,” वैजयंती वरून म्हणाली. “कट्ट्याच्या जागी माणूस हाये असं समजा. लवकर काढा.”

दोराचं टोक खाली लोंबत होतं. दोघांनी धरून ओढलं. हललं नाही. आणखी दोघं आले, मग ड्रायव्हर आला, मग खेमाही सुजलेल्या पायानं पुढे झाला. सहा माणसं पाय रोवून, अंग मागे टाकून ओढू लागली. दोर तारेसारखा ताणला. वर्षाराणी मोठ्यानं सेकंद मोजत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं आपणच सुरू केलं होतं. चाळीस. पन्नास. ड्रायव्हरच्या तळहाताचं कातडं सोललं. साठ. कट्टा बोटभरही वर आला नाही. शंभराच्या पुढं गेल्यावर तिचा आवाज बसला आणि ती थांबली.

माणसांनी दोर सोडला.

रुपाबाई खेमाजवळ गेली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “किती बार उतरला तू याच्यात?”

खेमा टाकीकडे पाहत होता. “मोजलं कुठं,” तो म्हणाला. “दर हंगामात. एकदा कमरेपर्यंत गेलो होतो. राजूनं हात देला. घरी सांगतलं नाही तुले.”

“नाही उतरायचं आता. ऐकलं का तुमी सगळ्यायनं? हा माणूस आता याच्यात उतरणार नाही.” ती शेठजींकडे वळली. कधी मान वर करून न बोललेली बाई. “शेठजी, दुसरं काम द्या, नाही तर आमी चाललो.”

शेठजी कट्ट्यांच्या थप्पीवर बसले होते. टिळ्याखालचं कपाळ घामेजलं होतं. किडामुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारा माणूस. तीस वर्षं आपण काय करत आलो, हे त्यांना त्या दोन मिनिटांत समजलं होतं.

“तीस साल झाले काही नाही झालं म्हणलो मी,” ते हळूच म्हणाले. “हे तर नशीब होतं. मी त्याले अक्कल समजत होतो.” मग उठले. “राजू, ट्रकवाल्याले सांग, आज माल भेटत नाही. टाकी रिकामी करा. वरून बांबूनं, बाहेरूनच. आत कोनी पाय टाकायचा नाही.”

टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. कट्टा सगळ्यात शेवटी, निमुळत्या तोंडाशी आडवा अडकलेला सापडला.

राजू वैजयंतीपाशी आला. “मॅडम, मले बी कोनी सांगतलं नव्हतं. मी सोळा सालचा होतो तवा मले असंच उतरवलं होतं. मले वाटे, असंच शिकवतात.” मग तो वर्षाराणीकडे गेला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही, पण ती मान हलवून, “जाऊ द्या राजूभाऊ,” म्हणाली.

केंद्र चार दिवस बंद राहिलं. चार दिवसांत टाकीच्या तोंडावर जाड सळयांची जाळी बसली, बांबू जाईल पण माणूस जाणार नाही अशी. टाकीच्या पोटाला बाजूनं एक झाकण बसवलं, माल अडकला तर बाहेरूनच मोकळा करता येईल असं. मुख्य बटणाला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली त्रिशलाच्या गळ्यातल्या दोरीत गेली. मुलांचे मोबाईल जमा करणं बंद झालं. खेमाला प्रतवारीच्या मशीनवर बसवलं, आणि तो आठवड्यात त्यात असा रुळला, की मशीनचा आवाज बदलला तर दुसऱ्या शेडमधून सांगू लागला.

पाचव्या दिवशी शेठजींनी स्वतः शाळेत फोन केला. हरीओम सरांनी बोलायच्या आधीच माफी मागायला सुरुवात केली. शेठजी म्हणाले, “माफी नंतर मागा. पोरं कधी पाठवता ते सांगा.”

सर दुपारी वैजयंतीच्या वर्गात आले. मुलांसमोरच म्हणाले, “मॅडम, मी त्या दिवशी फोनवर बोललो ते चुकलं.” मुख्याध्यापकानं असं वर्गात येऊन बोलावं, हे त्या शाळेत कोणी पाहिलं नव्हतं. मुलांनी बाकं वाजवली.

चौघांनी पंधरा दिवस पुरे केले. शेवटच्या दिवशी शाळेच्या छापील फॉर्मवर ‘शेरा’ अशी रिकामी जागा होती. शेठजींनी वर्षाराणीच्या फॉर्मवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘या मुलीने आमचे काम चार दिवस बंद पाडले. पुढील वर्षी अशाच मुली पाठवाव्यात.’ फॉर्म वाचून वर्षाराणी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण शेठजींनी बाजारातल्या आपल्या ओळखीच्या केंद्रवाल्यांना हे दाखवायला बोलावून घेतलं, आणि प्रश्न आला, की दर वेळी टाकी भरून कट्टा कुठं बुडवत बसायचा? तोड पवननं काढली. पाण्याचा वीस लिटरचा पारदर्शक जार तळ कापून, उलटा करून चौकटीत बसवला, तोंडाला झाकण लावलं, आत सोयाबीन भरलं आणि वर सुतळी बांधलेली लाकडाची वीतभर बाहुली उभी केली. झाकण काढलं की डोळ्यांदेखत बाहुली बुडायची, आणि सुतळीनं ओढली तर सुतळी तुटायची पण बाहुली यायची नाही. बोलायचं काम वर्षाराणीचं. तो जार स्कूटीच्या पायापाशी ठेवून वैजयंती, आणि मागून राजूच्या मोटारसायकलवर चौकट धरून पवन, असे ते सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडले. वर्षाराणी स्कूटीवर मॅडमच्या मागे बसे आणि वाटेत भाषण पाठ करे. मार्चपर्यंत नऊ केंद्रांच्या टाक्यांवर जाळ्या बसल्या, आणि त्या नऊही केंद्रांनी शाळेला कळवलं की पुढच्या वर्षी आमच्याकडेही मुलं पाठवा.

परीक्षा झाल्यावर शेवटचा खेळ मानोऱ्यात होता, एका शाळेच्या अंगणात. ऊसतोडीवरून तांड्यावरची माणसं नुकतीच परतली होती. साठ-सत्तर जण जमले असतील, केंद्रवाले, हमाल, बाया. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, वर्षाराणीचे आई-बाप उभे होते. त्यांनी लेकीला पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं.

बाहुली बुडाली. एका हमालानं सुतळी ओढली, सुतळी तुटली. तो तुटक्या टोकाकडे पाहत राहिला.

“आता एक विचारते,” वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जात होता. “तुमच्यातलं कोन कोन टाकीत उतरलं हाये? लाजू नका. हात वर करा.”

आधी एक हात वर गेला, मग दोन, मग भराभर. पुढच्या रांगेतले जवळजवळ सगळेच. मागे तिच्या बापानंही हात वर केला. तिला हे ठाऊक नव्हतं. ती पाहत राहिली, तिचे ओठ हलले, आणि वैजयंतीला वाटलं आता ही रडणार.

ती रडली नाही. तिनं पाठ ताठ केली.

“अन् आता कोनी उतर म्हटलं तर उतरान का?”

“नाही!” पुढचे म्हणाले.

“मांगून ऐकू नाही आलं!”

“नाही!” सगळं अंगण ओरडलं. तिचा बाप सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, आणि तिची आई हसत त्याच्या दंडावर चापट मारत होती.

वैजयंती टाळ्या वाजवत होती, कितीतरी वेळ. पवननं मात्र खाली वाकून सांडलेलं सोयाबीन गोळा करायला घेतलं होतं. फाटकाबाहेर आणखी तीस-चाळीस माणसं उभी होती, आणि जार पुन्हा भरायचा होता.